फ्रँक ब्रिमसेकला विसरू नका! अमेरिकेतल्या मराठी हॉकीप्रेमींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

सीझन आला की आपला वाद सुरू होतो, अमेरिकेत जन्मलेला सगळ्यात मोठा आइस हॉकीपटू कोण, आणि दरवेळी तो त्याच दोन नावांवर येऊन अडकतो. अर्धे लोक पॅट्रिक केन म्हणतात, अर्धे माइक मोडॅनो, त्यातही डॅलसची मंडळी मोडॅनोच्या विरोधात एक शब्द ऐकून घेत नाहीत, टोरंटोकडचे नातेवाईक ऑस्टन मॅथ्यूजचं नाव पुढे करतात, आणि मग कोणीतरी पॉइंट्सचा तक्ता काढतं आणि झालं, निकाल लागला म्हणून सगळे जेवायला उठतात.

मला एकच गोष्ट सांगायचीय. आपल्या मतदानातल्या पहिल्या पाचात गोलकीपर फ्रँक ब्रिमसेकचं नाव नसेल तर ती यादी मला मान्य नाही. आणि आपल्या कुठल्याच वादात मी आजवर त्याचं नाव ऐकलेलं नाही, विरोधातसुद्धा नाही, म्हणजे कोणी त्याला नाकारत नाहीये, लोकांना तो माहीतच नाही. म्हणून हे पत्र.

एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमधला 1938 चा सीझन. बॉस्टन ब्रुइन्सकडे टिनी थॉम्पसन हा गोलकीपर होता, गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी चारदा जिंकलेला, आदल्याच सीझनलाही त्यानेच जिंकलेली, बॉस्टनच्या पब्लिकचा अगदी लाडका. मॅनेजर आर्ट रॉसने नोव्हेंबरमध्ये त्याला 15 हजार डॉलरला डेट्रॉइटला विकून टाकलं आणि त्याच्या जागी मिनेसोटातल्या एव्हलेथ गावचा 25 वर्षांचा पोरगा, हाच ब्रिमसेक, आणून उभा केला. पब्लिक खवळलं, आणि का नाही खवळणार, घरचा देव काढून अनोळखी माणूस बसवला होता. त्यात मॉन्ट्रियलची पहिली मॅच 2-0 ने गेली. त्यानंतर काय झालं बघा, लागोपाठ तीन मॅचमध्ये एकही गोल नाही, 231 मिनिटांहून जास्त वेळ पक (आइस हॉकीची रबरी चकती) आत गेला नाही आणि त्याने जो विक्रम मोडला तो थॉम्पसनचाच होता. मग एका मॅचला गोल झाले आणि त्याच्यापुढे परत लागोपाठ तीन शटआउट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच. जे लोक शिव्या घालायला आले होते त्यांनीच त्याला मिस्टर झीरो म्हणायला सुरुवात केली.

त्या सीझनला त्याचे 10 शटआउट झाले, मॅचला सरासरी 1.56 गोल खाल्ले, म्हणजे दोनसुद्धा नाहीत. नव्या खेळाडूची कॅल्डर ट्रॉफी त्याला, व्हेझिना त्यालाच, ऑल-स्टारच्या पहिल्या टीममध्ये तोच, आणि शेवटी बॉस्टनने लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कपही जिंकला, 1929 नंतर पहिल्यांदा. 1941 मध्ये परत जिंकला, तेव्हाही गोलमध्ये ब्रिमसेक. पहिल्याच वर्षी आल्याआल्या सगळं जिंकणारा असा अमेरिकन पोरगा त्यानंतर कितीदा झाला ते मोजा, हाताची बोटंसुद्धा लागणार नाहीत.

आणि हे सगळं मास्क न घालता. मास्क घालून खेळायची पद्धत जाक प्लांटने 1959 मध्ये पाडली, त्याच्या आधी माणसं तोंड उघडं ठेवून उभी राहायची, दात जायचे, टाके पडायचे, तिथेच शिवून घ्यायचे आणि परत गोलमध्ये. बाकावर दुसरा गोलकीपर तयार बसलेला नसायचा. गोलकीपरचा वेगळा कोच, व्हिडिओ वगैरे तर विषयच नाही.

आता एव्हलेथबद्दल थोडं, कारण ते गाव कळल्याशिवाय ब्रिमसेक कळत नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला मेसाबीची लोहखनिजाची पट्टी आहे, तिथलं हे खाणकामगारांचं गाव, आजही वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. स्लोव्हेनियन, फिनिश, इटालियन, क्रोएशियन अशी कुठून कुठून आलेली माणसं खाणीत कामाला लागली आणि त्यांची पोरं हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळायला लागली. ब्रिमसेकचे आईवडील स्लोव्हेनियन. 1922 मध्ये त्या एवढ्याशा गावात हिपोड्रोम नावाची बंदिस्त रिंक बांधली गेली आणि तिथून काय काय पोरं निघाली, माइक काराकास तिथे वाढला, जॉन मारियुची तिथला, सॅम लोप्रेस्टी तिथला. हा लोप्रेस्टी म्हणजे ज्याने 1941 मध्ये शिकागोकडून बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये 80 शॉट अडवले. काराकास 1938 साली शिकागोने कप जिंकला तेव्हा त्यांचा गोलकीपर होता, आणि त्या शिकागो टीममध्ये आठ अमेरिकन होते, त्या काळात ही गोष्ट कोणाला खरी वाटली नसती कारण बाकी सगळी लीग कॅनडाच्या पोरांची होती. अमेरिकेचं हॉकी हॉल ऑफ फेम 1973 मध्ये उघडलं तेही एव्हलेथमध्येच, न्यूयॉर्क नाही बॉस्टन नाही, आणि ते योग्यच झालं.

म्हणजे आपण ज्या वादाची सुरुवात 1980 पासून करतो त्याची मुळं पन्नास वर्षं आधीची आहेत. त्या वर्षीच्या ऑलिम्पिकला, लेक प्लॅसिडला, अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत टीमला हरवलं ती गोष्ट मोठीच आहे, तिच्यामुळे अमेरिकेतल्या एका पिढीने हातात स्टिक घेतली, मी ते कमी लेखत नाहीये. पण त्याच्यामुळे लोकांना असं वाटायला लागलं की त्याआधी अमेरिकन हॉकी नव्हतीच. मधल्या काळात ती जवळजवळ आटली होती हे खरंय, साठच्या दशकात डुलुथचा टॉमी विल्यम्स बॉस्टनकडून खेळायचा आणि लीगमध्ये नियमित खेळणारा अमेरिकन म्हटलं की तो जवळपास एकटाच. पण मधे आटलं म्हणून आधीचं पुसून टाकायचं का?

आणि पुसून टाकायचं काम फक्त आपण नाही करत, खुद्द एनएचएलने केलं. 2017 मध्ये लीगला शंभर वर्षं झाली म्हणून त्यांनी शंभर महान खेळाडूंची यादी काढली. 1 जानेवारीला टोरंटोत पहिली 33 नावं जाहीर झाली, ती लीगच्या पहिल्या पन्नास वर्षांतली, उरलेली 67 त्याच महिन्यात लॉस एंजेलिसला. त्या पहिल्या 33 नावांत अमेरिकेत जन्मलेला एकही खेळाडू नाही. एकही नाही! पुढच्या 67 मध्ये चेलिओस, लीच, लाफाँटेन, मोडॅनो आणि केन आहेत, छान आहे, माझी त्यांच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण ब्रिमसेक नाही. तोच ब्रिमसेक 1998 मध्ये द हॉकी न्यूजने शंभर जणांची यादी काढली तेव्हा तिच्यात होता, 1966 पासून टोरंटोच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. मग मधल्या वीस वर्षांत त्याचा खेळ खराब झाला का? तो तर 1950 लाच थांबला होता.

मला माहितीय तुमच्यातले काही लगेच म्हणणार, अगं तेव्हा लीग केवढीशी होती, सात टीम, नंतर सहाच, आजच्याशी तुलना कशी करणार. मी हेच उलटं वाचते. सात टीम म्हणजे अख्ख्या लीगमध्ये गोलकीपरच्या जागा सात. सात! अख्ख्या कॅनडातले गोलकीपर त्या सात जागांसाठी भांडत होते, मायनर लीगमध्ये रांगा लागल्या होत्या, आणि त्यातली एक जागा एका खाणगावातल्या अमेरिकन पोराने घेतली आणि नुसती घेतली नाही तर धरून ठेवली. दहा सीझन खेळला, त्यातल्या आठ सीझनला ऑल-स्टारच्या पहिल्या किंवा दुसऱ्या टीममध्ये. व्हेझिना त्या काळी ज्या टीमने सगळ्यात कमी गोल खाल्ले तिच्या गोलकीपरला जायची, त्यामुळे तिच्यात टीमचा डिफेन्सही आला असं कोणी म्हटलं तर मान्य. पण ऑल-स्टार हा मतांचा मान, खेळ बघणाऱ्यांनी दिलेला. दहापैकी आठ वेळा.

दुसरं कोणीतरी म्हणणार की युद्धाच्या काळात लीग कमजोर होती. होती ना, चांगले चांगले खेळाडू सैन्यात गेले होते. पण ब्रिमसेक त्या कमजोर लीगमध्ये नव्हताच, तो स्वतः 1943 ते 1945 कोस्ट गार्डमध्ये होता, आधी बॉल्टिमोरजवळ आणि मग पॅसिफिकमध्ये जहाजावर. तिशीतली दोन वर्षं, गोलकीपरची ऐन भरातली वर्षं, गेली. मॉन्ट्रियलचा बिल डर्नन नेमका 1943 मध्येच लीगमध्ये आला, सात सीझन खेळला, सहा व्हेझिना जिंकल्या, मोठा खेळाडू होता आणि तो शंभरात आहे ते बरोबरच आहे. पण डर्ननसाठी सात सीझन पुरतात आणि ब्रिमसेकसाठी युद्धाच्या आधीचे आणि परत आल्यावरचे मिळून दहा पुरत नाहीत, हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा. परत आला त्याच सीझनला, 1946 मध्ये, बॉस्टनला फायनलला घेऊन गेला. शेवटी 252 विजय आणि 40 शटआउट. ते 252 विजय अमेरिकन गोलकीपरमध्ये चाळीसहून जास्त वर्षं सर्वाधिक होते, टॉम बरासोने नव्वदच्या दशकात मोडले. 40 शटआउटची जॉन व्हॅनबीसब्रुकने नंतर बरोबरी केली पण पुढे कोणी गेलं नाही, जोनाथन क्विक येईपर्यंत. खेळ सोडल्यावर ब्रिमसेक मिनेसोटात परत गेला आणि रेल्वेचं इंजिन चालवायचं काम केलं. 1998 मध्ये वारला.

आता पॉइंट्सच्या तक्त्याकडे येते, कारण खरं भांडण तिथेच आहे. ज्यांना हॉकी नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, गोल केला की एक पॉइंट आणि गोलला पास दिला की एक पॉइंट, बेरीज करायची. म्हणजे तक्ता फक्त पुढे खेळणाऱ्यांचा. गोलकीपर त्यात येऊच शकत नाही आणि डिफेन्समनचं निम्मं काम दिसत नाही. झहीर खानला रनांवरून मोजून त्याचा नंबर ठरवला तर आपण ऐकून घेऊ का? मग इथे का घेतो?

तक्त्यातली माणसं लहान आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. केनचं तर मी किती बघितलंय. बफलोचा पोरगा, अंगाने लहानखुरा, 2007 ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, शिकागोने पहिल्याच नंबरवर घेतला, 2010 च्या फायनलला फिलाडेल्फियात ओव्हरटाइममध्ये असा गोल मारला की पक आत गेलाय हे स्टेडियममध्ये त्याच्याशिवाय कोणाला कळलंच नाही, तो एकटा ग्लोव्हज फेकत पलीकडे पळाला, बाकीचे बघत राहिले. शिकागोला 49 वर्षांनी कप मिळाला. 2013 आणि 2015 ला परत, 2013 च्या प्लेऑफ्सचा (सीझनच्या शेवटी कपसाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि 2015-16 चा सीझन, 106 पॉइंट्स, दुसऱ्या नंबरवरच्या जेमी बेनचे 89, सलग 26 मॅचमध्ये पॉइंट, सगळ्यात जास्त पॉइंट्सची आर्ट रॉस ट्रॉफी जिंकणारा पहिला अमेरिकन जन्माचा खेळाडू, वर सीझनच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीसुद्धा. पुढे खेळणाऱ्यांमध्ये माझ्यासाठी केन पहिला, मोडॅनोच्याही वर, आणि डॅलसकरांनी चिडायचं तर चिडावं.

मोडॅनो माझ्या इथला, मिशिगनचा, लिव्होनियाचा. 561 गोल, अमेरिकन जन्माच्या खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त. 2007 मध्ये त्याने फिल हाउसलीचा 1232 पॉइंट्सचा विक्रम मोडला आणि 1374 वर थांबला, 1499 मॅच खेळून. 1999 ला मनगट मोडलेलं असताना खेळत राहिला आणि डॅलसने कप नेला. टेक्सासमध्ये, जिथे नैसर्गिक बर्फ बघायला मिळत नाही, तिथे आज आपली मराठी पोरं स्केटिंगच्या क्लासला जातात ह्याला तो बराच कारणीभूत आहे. पण सीझनचा सगळ्यात मोठा खेळाडू असा तो कधी ठरला नाही, हार्ट त्याला एकदाही मिळाली नाही, आणि केन, मॅथ्यूज दोघांना मिळाली. मॅथ्यूजला अजून वेळ द्या. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला पोरगा पहिल्याच मॅचला चार गोल मारतो आणि 2023-24 मध्ये 69 मारतो, गोल मारण्यात ह्याच्याइतका पक्का अमेरिकन मी पाहिला नाही, पण प्लेऑफ्सचं खातं अजून रिकामं आहे आणि त्याशिवाय पहिल्या पाचात जागा देणं मला पटत नाही.

पॅट लाफाँटेनसाठी मात्र जीव तुटतो. 1992-93 मध्ये 148 पॉइंट्स, अमेरिकन खेळाडूने एका सीझनला केलेले सगळ्यात जास्त, आणि 1987 ला वॉशिंग्टनविरुद्ध सातव्या मॅचच्या चौथ्या ओव्हरटाइममध्ये, रात्रीचे दोन वाजत आले असताना, ईस्टरची पहाट व्हायला आली असताना, तो गोल. मग डोक्याला मार लागत गेले आणि 865 मॅचवर सगळं संपलं. 1013 पॉइंट्स, 865 मॅचमध्ये. तक्त्यात तो मोडॅनोपासून किती लांब दिसतो आणि प्रत्यक्षात बर्फावर किती जवळ होता!

जो मलनही एकदा घ्या नाव, न्यूयॉर्कच्या हेल्स किचनचा, रस्त्यावर रोलर स्केट्स घालून हॉकी शिकलेला, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, आणि 500 गोल मारणारा पहिला अमेरिकन तो.

पण पहिला नंबर कोणाचा विचाराल तर माझं उत्तर डिफेन्सवाला आहे, ख्रिस चेलिओस. शिकागोत जन्मला, वडील ग्रीसहून आलेले, रेस्टॉरंट चालवणारे, पोरगा पंधरा-सोळाचा असताना घर सॅन डिएगोला हललं आणि तिथे हॉकी कुठली, सगळं संपल्यात जमा होतं. तिथून तो कॅनडात सास्काचेवानच्या मूस जॉला गेला, तिथून विस्कॉन्सिनला कॉलेजमध्ये, तिथून 1984 च्या ऑलिम्पिकला आणि लगेच मॉन्ट्रियल. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी तीनदा, 1989, 1993, 1996, दोन वेगवेगळ्या टीमकडून. कप तीन, पहिला 1986 मध्ये मॉन्ट्रियलबरोबर आणि शेवटचा 2008 मध्ये डेट्रॉइटबरोबर, म्हणजे मधे बावीस वर्षं! 1651 मॅच. प्लेऑफ्सच्या 266, एवढ्या कोणीच खेळलेलं नाही. चाळिशीत, 2002 मध्ये, नॉरिसच्या मतदानात दुसरा आला, पुढे फक्त लिडस्ट्रॉम, तोही त्याच्याच टीमचा. आणि 48 वर्षांचा असताना शेवटची मॅच. 1998, 2002, 2006, तीन ऑलिम्पिकला अमेरिकेचा कॅप्टन. मला सांगा, समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू एका माणसाच्या अंगावर सोडायचा, 26 सीझन, आणि त्याचं मोल ठरवायला तुम्ही त्याचे 948 पॉइंट्स बघणार?

ब्रायन लीच त्याच्या अगदी मागे, काहींच्या मते पुढे, आणि मी त्यावर फार भांडणार नाही. टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टीला जन्मला, कनेक्टिकटला वाढला. 1991-92 मध्ये डिफेन्समन असून 102 पॉइंट्स, अमेरिकन डिफेन्समनमध्ये शंभरी गाठणारा तो एकटाच. 1994 ला न्यूयॉर्क रेंजर्सने 54 वर्षांनी कप जिंकला तेव्हा टीममध्ये मार्क मेसियरसारखा दिग्गज होता तरी प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडू लीच ठरला, 23 मॅचमध्ये 34 पॉइंट्स. कॅनडाबाहेरच्या माणसाला ती कॉन स्माइथ ट्रॉफी तेव्हा पहिल्यांदा मिळाली. 1996 चा वर्ल्ड कप आठवतो ना, मॉन्ट्रियलमध्ये, कॅनडा 2-1 ने पुढे आणि शेवटच्या चार मिनिटांत अमेरिकेचे चार गोल, त्या टीमच्या मागे लीच आणि चेलिओस होते आणि गोलमध्ये माइक रिक्टर. त्या मॅचचे गोल सगळ्यांना आठवतात, रिक्टरने काय काय अडवलं ते कोणी सांगत नाही, परत तेच दुखणं.

आता जन्माच्या अटीबद्दल, कारण त्यावरूनही दरवेळी आवाज चढतात. अट जन्माची आहे तर ब्रेट हल बसत नाही, 741 गोल असले तरी, तो ऑन्टारियोतल्या बेलव्हिलचा. रॉड लँगवेही बसत नाही, तो तैवानमध्ये जन्मला, मॅसॅच्युसेट्समध्ये वाढला, 1983 आणि 1984 ची नॉरिस जिंकली. उलट बिली बर्च बसतो, 1925 ची हार्ट जिंकणारा, कारण जन्म यॉन्कर्सचा, पण हॉकी सगळी टोरंटोत शिकला. म्हणून माझं म्हणणं आहे की दोन वेगळे वाद ठेवा, एक अमेरिकेत जन्मलेल्यांचा आणि एक अमेरिकेत घडलेल्यांचा, आणि लँगवेला दुसऱ्यात मानाची जागा द्या. आपल्यातल्या कितीतरी घरांत मोठं लेकरू पुण्यात किंवा नाशिकला झालेलं आणि धाकटं इथे, दोघंही एकाच रिंकवर पहाटे सहाला उतरतात. मोठं उद्या लीगमध्ये गेलं तर आपण त्याला या वादातून बाहेर काढणार का? मी तरी नाही काढणार.

गोलकीपरकडे परत येते. आत्ताच्यांमध्ये कॉनर हेलेबक, आमच्या मिशिगनमधल्या नोवायजवळच्या कॉमर्सचा, ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडला घेतलेला, आज तीन व्हेझिना आणि 2025 ची हार्ट. अमेरिकन गोलकीपरला हार्ट मिळाली ती पहिल्यांदाच. जोनाथन क्विक, दोन कप लॉस एंजेलिसबरोबर, एक व्हेगासबरोबर, 2012 च्या प्लेऑफ्सचा सर्वोत्तम, विजयांमध्ये सगळ्या अमेरिकन गोलकीपरच्या पुढे. टिम थॉमस, फ्लिंटचा, वर्षानुवर्षं फिनलंड वगैरे फिरून तिशी उलटल्यावर जागा मिळाली आणि 2011 ला बॉस्टनला कप. बरासो, शाळेतून थेट बफलोच्या गोलमध्ये आणि पहिल्याच वर्षी कॅल्डर आणि व्हेझिना दोन्ही, म्हणजे ब्रिमसेकने त्याच्या 45 वर्षं आधी केलं तेच. ही केवढी मोठी परंपरा आहे, आणि तिचा मूळ पुरुष आपल्या यादीत नाही. हेलेबक आणखी पाच वर्षं असाच खेळला तर मी स्वतः त्याला ब्रिमसेकच्या वर ठेवीन, आत्ता नाही, कारण ब्रिमसेककडे दोन कप आहेत आणि वसंत ऋतूतल्या, म्हणजे प्लेऑफ्सच्या, मॅचेस हेलेबकला अजून जिंकायच्यात.

आणि एक राहिलंच, वाद व्यावसायिक खेळाडूंचा म्हणता तर 2024 पासून बायकांचीही व्यावसायिक लीग आहे, पीडब्ल्यूएचएल. केंडल कॉइन स्कोफिल्ड मिनेसोटाची कॅप्टन म्हणून पहिले दोन्ही कप जिंकली, हिलरी नाइट आहे. त्यांची नावं वेगळ्या कागदावर नको, त्याच कागदावर हवीत.

तर मंडळी, माझी मागणी सरळ आहे. यंदाच्या मतदानाला पॉइंट्सचा तक्ता समोर ठेवू नका. फॉरवर्ड, डिफेन्स आणि गोलकीपर तिन्हीतली नावं हवीत, आणि 1980 च्या आधीचं किमान एक तरी नाव प्रत्येकाने विचारात घ्यायचं, नुसतं टिक मारायला नाही, त्याचा खेळ काय होता ते बघून. आणि आपल्यातले जे दरवर्षी उन्हाळ्यात डुलुथला लेक सुपीरियर बघायला जातात त्यांनी तासाभराच्या अंतरावरचं एव्हलेथ एकदा बघून या, पोरांना घेऊन जा.

माझी यादी अशी: चेलिओस, केन, ब्रिमसेक, लीच, मोडॅनो. सहावा लाफाँटेन. मोडॅनो पाचवा का, हे विचारायला डॅलसवाल्यांचे फोन येतील, शनिवारी सकाळनंतर करा, त्याआधी मी रिंकवर असते.

तुमचीच,
मिशिगनमधली एक हॉकीप्रेमी